शाश्वत इमारत-रचना शिकून पैसा मिळतो का? नवपदवीधर, पालक आणि छोट्या कार्यालयांचे नेहमीचे प्रश्न

बी.आर्क. किंवा सिव्हिलचा शेवटचा निकाल लागला की हे प्रश्न सुरू होतात. विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आणि ज्यांच्या ऑफिसात चार-पाच माणसं आहेत असे आर्किटेक्टही विचारतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कामांच्या अंगाने दिली आहेत. जिथे आकडा ‘समजा’ म्हणून धरला आहे तिथे तसं लिहिलंय. आपल्या शहराचा दर घालून गणित पुन्हा मांडून बघा.

शाश्वत इमारत-रचना म्हणजे नक्की काय शिकायचं असतं?

इमारत ऊन, वीज, पाणी आणि सामान किती खाणार, हे ती बांधण्याआधी मोजायला शिकायचं. सूर्य कुठल्या महिन्यात कुठल्या भिंतीवर किती वाजता असतो, भिंतीतून आणि छतातून उष्णता किती वेगाने आत येते, खिडकीतून उजेड किती आणि ऊन किती, वारा कुठून येतो आणि बाहेर जायला त्याला वाट आहे का, एसी किती टनाचा लागेल, पाण्याचा ताळेबंद कसा जुळेल. त्यावर मग ईसीबीसी (व्यापारी इमारतींसाठी) आणि इको निवास संहिता (घरांसाठी) हे ऊर्जाबचतीचे नियम, आणि ग्रिहा, आयजीबीसी, लीड ही हरित इमारतींना गुण देणारी मानांकनं. भिंतीवर वेल चढवणं यात येतं, पण फार शेवटी.

मुलीची बी.आर्क.मध्ये पाच वर्षं गेली. हे तिथेच का शिकवलं नाही?

शिकवतात की. क्लायमेटॉलॉजी हा विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतोच. अडचण अशी की तो लेखी पेपरपुरता राहतो. डिझाइनच्या ज्युरीत प्लॅन, एलिव्हेशन, कन्सेप्ट यांवर तासभर चर्चा होते. पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात दुपारी चारला काय होईल, हे क्वचितच कुणी विचारतं. ज्या गोष्टीला मार्क नाहीत ती मुलं करत नाहीत, त्यात त्यांचं काही चुकत नाही. दुसरं म्हणजे आर्किटेक्चरची मुलं आणि मेकॅनिकलची मुलं एकमेकांना कॉलेजात भेटतच नाहीत. नोकरीत मात्र एसीच्या डक्टवरून पहिल्या आठवड्यात भांडण होतं.

याला अपवाद आहेत. आयआयटी मुंबई आणि रचना संसदच्या अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी मिळून २०१४ साली फ्रान्समध्ये व्हर्सायला भरलेल्या सोलर डेकॅथलॉन युरोप स्पर्धेत सौरऊर्जेवर चालणारं आख्खं घर उभं केलं होतं. ‘टीम शून्य’ हे त्यांचं नाव. भारतातून या स्पर्धेत उतरलेला तो पहिला संघ. अशा कामात वास्तुरचनेच्या मुलाला वायरिंगचा लोड कळतो आणि इलेक्ट्रिकलच्या मुलाला खिडकी कुठे हवी ते कळतं. आता सोलर डेकॅथलॉन इंडिया ही स्पर्धा देशातच होते. कॉलेजात असाल तर त्यात उतरा. माझ्या मते त्यातून एखाद्या पदविकेएवढं शिकायला मिळतं, आणि फीही वाचते.

यातून पैसा नेमका कुठे तयार होतो?

प्लॅन पास व्हायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत. इमारतीचं तोंड कुठे, खिडक्या केवढ्या, छज्जा किती, जिना आणि टॉयलेट कुठल्या बाजूला, हे तेव्हा ठरतं आणि बदलायला एक पैसा लागत नाही. महापालिकेत नकाशा गेला की बदल म्हणजे रिव्हाइज्ड प्लॅन. कॉलम उभे राहिले की विषय संपला. शिकलेला पदवीधर या काळात टेबलावर असेल तर तो आपला पगार तिथेच वसूल करून देतो. नंतर बोलावला तर त्याच्या हातात काच बदलणं आणि एलईडी लावणं एवढंच उरतं.

एक छज्जा घेऊन बघू. पुणे साधारण १८.५ अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या सुमारास भर दुपारी सूर्य दक्षिणेला ७१.५ अंशांवर असतो. दक्षिणेकडची खिडकी १.२ मीटर उंच असेल तर ती पूर्ण सावलीत ठेवायला छज्जा किती हवा? १.२ भागिले ७१.५ अंशांचा टॅन, म्हणजे ४० सेंटिमीटर. २१ डिसेंबरला तोच सूर्य ४८ अंशांवर उतरतो, त्यामुळे तोच छज्जा वरच्या ४५ सेंटिमीटरवर सावली देतो आणि खालच्या ७५ सेंटिमीटरमधून थंडीतलं ऊन आत येऊ देतो. म्हणजे ४० सेंटिमीटरच्या स्लॅबच्या तुकड्याने दोन्ही ऋतूंचं काम झालं.

आता तीच खिडकी पश्चिमेला फिरवा. एप्रिलच्या संध्याकाळी सूर्य ३० अंशांवर असताना तेवढ्याच सावलीसाठी छज्जा २ मीटरपेक्षा जास्त लागतो. कुणी देणार नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, खोल बाल्कनी, नाहीतर सरळ जिना नि टॉयलेट त्या बाजूला सारणं हे उपाय. आपल्याकडे बहुतेक इमारतींत चारही बाजूंना एकसारखा ४५ किंवा ६० सेंटिमीटरचा छज्जा फिरलेला दिसतो. दक्षिणेला तो गरजेपेक्षा जास्त आणि पश्चिमेला निव्वळ शोभेचा. (उत्तरेला छज्जा कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी : मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. या काळाच्या दोन टोकांना येणाऱ्या शून्य सावली दिवसांची बातमी पेपरात येतेच.)

हे गणित दहावीच्या त्रिकोणमितीचं आहे. ते कुठल्या दिवशी आणि कुठल्या खिडकीला लावायचं हे कळायला मात्र प्रशिक्षण लागतं.

बिल्डरला यात काय? विजेचं बिल तर फ्लॅट घेणारा भरतो.

हाच खरा पेच आहे, आणि नुसतं ‘पर्यावरण वाचवा’ म्हणून तो सुटत नाही. खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा. म्हणून बिल्डरच्या खिशातला हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि महाराष्ट्रात तो मांडता येतो.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे आपली यूडीसीपीआर, मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर लागू आहे. तिच्यात हरित इमारतींसाठी जादा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) आहे : ग्रिहा तीन तारे किंवा आयजीबीसी अथवा लीड सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के.

समजा २,००० चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि मूळ एफएसआय १.१०. म्हणजे २,२०० चौरस मीटर. गोल्डचे ५ टक्के म्हणजे ११० चौरस मीटर, साधारण १,१८४ चौरस फूट. विक्रीदर ७,००० रुपये धरला तर सुमारे ८३ लाख. बांधकामाचे फुटाला २,८०० रुपये वजा केले, म्हणजे ३३ लाख, तर ५० लाखांच्या आसपास उरतात. विक्री रेरा कार्पेटवर होते आणि एफएसआयचं मोजमाप वेगळं, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. तरी त्यातून मानांकनाची फी, सल्लागाराची फी आणि वाढीव सामानाचा खर्च भागवून पैसे उरतात की नाही, हे बिल्डर तुमच्यापेक्षा लवकर सांगेल.

पण याच नियमात एक कात्री आहे. जादा एफएसआय प्री-सर्टिफिकेशनवर, म्हणजे आधीच मिळणाऱ्या तात्पुरत्या मानांकनावर मिळतो. भोगवटा प्रमाणपत्राच्या (ओसी) वेळी कबूल केलेलं मानांकन हातात नसेल तर न साधलेल्या भागाच्या जादा एफएसआयवर रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या किमतीच्या दुप्पट दंड. वरच्याच उदाहरणात गोल्ड कबूल केलं आणि गाडी सिल्व्हरवर अडली तर फरक ४४ चौरस मीटरचा. जमिनीचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये असेल तर दंड १७ लाख ६० हजार. इमारत बांधून झालेली, फ्लॅट विकलेले, आणि ओसी अडकलेली. या जागी शिकलेला माणूस लागतो : सुरुवातीला गुण मोजताना कुठले गुण खात्रीचे आणि कुठले आशेवरचे हे ओळखणारा, आणि मग तीन वर्षं साइटवर त्या कागदांचा पिच्छा पुरवणारा. ठेकेदाराने स्पेसिफिकेशनमधला पेंट बदलला, प्लंबरने स्वस्तातला नळ लावला, असे गुण साइटवर गळतात. एक कनिष्ठ पदवीधर महिन्यातून दोनदा जाऊन सामानाची चलनं आणि फोटो गोळा करत राहिला तर त्याच्या वर्षभराच्या पगारापेक्षा मोठा दंड वाचतो.

ऑफिस, हॉस्पिटल, हॉटेल यांचं गणित वेगळं असतं का?

हो, आणि सोपंही असतं. इथे बांधणारा आणि बिल भरणारा बहुधा एकच असतो.

ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॅट किंवा अधिक जोडभार असलेल्या व्यापारी इमारती तिच्या कक्षेत येतात. संहिता पाळली तर नेहमीच्या इमारतीपेक्षा किमान २५ टक्के ऊर्जा वाचावी, ईसीबीसी प्लसमध्ये ३५ आणि सुपर ईसीबीसीमध्ये ५० टक्के, अशी तिची रचना आहे. समजा १,५०० चौरस मीटरचं ऑफिस, वर्षाला चौरस मीटरमागे १४० युनिट. एकूण २ लाख १० हजार युनिट. त्यातले २५ टक्के वाचले तर ५२,५०० युनिट. १२ रुपये दराने वर्षाला ६ लाख ३० हजार.

मालकाला याहून जास्त भुरळ घालतो तो पहिल्या दिवशी वाचणारा पैसा. एसीचे सल्लागार बऱ्याचदा अंगठ्याच्या नियमाने चालतात : इतक्या चौरस फुटांना एक टन. समजा १२,००० चौरस फूट वातानुकूलित जागा आणि १५० फुटांना एक टन धरला, तर ८० टन. पश्चिमेची काच कमी केली, छत उष्णतारोधक केलं, भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) घेतली आणि भार नीट मोजला की २४० फुटांना एक टन पुरतो असं निघालं, तर ५० टन. टनामागे ६०,००० रुपये धरले तरी १८ लाख यंत्रातच वाचले. शिवाय ट्रान्सफॉर्मर, डिझेल जनरेटर, केबल, डक्ट सगळंच एक माप खाली येतं. छताला घातलेलं इन्सुलेशन ‘जादा खर्च’ या रकान्यात लिहायचं आणि एसीत झालेली बचत दुसऱ्याच्या बिलात जाऊ द्यायची, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. दोन्ही एका कागदावर आणणारा माणूस हवा.

त्यात थर्मोस्टॅटचा मुद्दा जोडा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय ऑफिसांतल्या माणसांना प्रत्यक्ष विचारून सुखद तापमानाचं एक प्रारूप बनवलं, आयमॅक नावाचं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये त्याला जागा मिळाली. त्यानुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर लोकांना २९ अंशांच्या आसपासही ठीक वाटतं. आपण मात्र २२वर एसी लावून स्वेटर घालून बसतो. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

ग्रीन बिल्डिंग महाग पडते, हे खरं की खोटं?

कधी बोलावलं त्यावर आहे. नकाशा तयार झाल्यावर गुण गोळा करायला निघालात तर महाग पडतेच, कारण मग सगळं विकत आणावं लागतं : भारीतली काच, भारीतले पंप, सेन्सर. सुरुवातीपासून दिशा, सावली आणि भिंत यांचा विचार असेल तर बरेचसे गुण फुकट येतात.

एका ऑफिस इमारतीच्या कामात मला काचेची ऑर्डर गेल्यावर बोलावलं होतं. पश्चिमेची आख्खी बाजू काचेची. मालक म्हणाले, ‘आता हिला ग्रीन करा.’ शेवटी आतून ब्लाइंड लावले. ते दिवसभर बंद असतात आणि आत दिवसाही दिवे चालू असतात.

ग्रिहा, आयजीबीसी, लीड यांपैकी कुठली परीक्षा द्यावी?

तुम्हाला काम कुठे करायचं आहे ते आधी ठरवा.

ग्रिहा ही टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने उभी केलेली आपली राष्ट्रीय पद्धत. सरकारी कामांत तिचं चलन आहे, आणि यूडीसीपीआरप्रमाणे सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक संस्थांच्या इमारतींना किमान ग्रिहा तीन तारे किंवा समकक्ष मानांकन सक्तीचं आहे. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा काय किंवा महापालिकेचं नाट्यगृह काय, काम आहे. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योग संघटनेची, २००१ पासूनची. खासगी बिल्डरांमध्ये तिची ओळख जास्त. लीड अमेरिकेची, बहुराष्ट्रीय कंपन्यांची ऑफिसं आणि आयटी पार्क तिच्या मागे असतात. लीड ग्रीन असोसिएटची परीक्षा दोन तासांची, १०० प्रश्नांची, २०० पैकी १७० गुणांना उत्तीर्ण. लीड एपी ही पुढची पायरी गाठायची तर ती आधी द्यावी लागते, आणि नंतर दर दोन वर्षांनी अभ्यासाचे ठराविक तास दाखवत राहावे लागतात.

तीनही परीक्षा घोकून पास होता येतात, हे उघड गुपित आहे. नावापुढे अक्षरं लागतात आणि मुलाखतीचं बोलावणं येतं, इथवर त्यांचा उपयोग. तिथे बसल्यावर समोरचा विचारतो, ‘या भिंतीचं यू-मूल्य काढून दाखवा.’ (यू-मूल्य म्हणजे भिंतीतून उष्णता किती वेगाने जाते त्याचा आकडा.)

पगारात फरक किती पडतो?

पहिल्या वर्षी फारसा पडत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात नव्या मुलाला जे देतात तेच, किंवा थोडं वर. सल्लागार कंपनीत एनर्जी मॉडेलिंगचं, म्हणजे इमारतीला किती वीज लागेल ते संगणकावर काढायचं काम येत असेल तर सुरुवातच बरी होते. खरा फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर दिसतो, कारण साधा ड्राफ्टिंग करणारा माणूस बदलता येतो. क्लायंटसमोर बसून ‘हे केलं तर एसी ३० टनांनी कमी’ असं कागदावर दाखवणारा सहजी मिळत नाही. कोर्सच्या जाहिरातीत पॅकेजचा आकडा मोठ्या अक्षरांत असेल तर जरा सावध राहा आणि आधीच्या बॅचच्या दोन मुलांना फोन करा.

एम.आर्क., एम.टेक. की सहा महिन्यांचा कोर्स?

शिकवायचं असेल, संशोधनात जायचं असेल किंवा सल्लागार म्हणून नाव करायचं असेल तर पदव्युत्तर पदवी घ्या. मुंबईत रचना संसदमध्ये आणि पुण्यात भानुबेन नानावटी महिला महाविद्यालयात पर्यावरणीय वास्तुकलेचं एम.आर्क. आहे, सेप्टमध्ये इमारतीच्या ऊर्जाकामगिरीवर एम.टेक. आहे. फक्त आपल्या डिझाइनमध्ये हे आणायचं असेल तर छोटा कोर्स आणि एखादं खरं काम पुरे. बी.आर्क. झाल्या झाल्या लगेच एम.आर्क.ला जाऊ नये असं माझं मत आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा साइटवर काढा, मग वर्गात प्रश्न सुचतात.

ही सॉफ्टवेअरं महाग असतात ना?

शिकायला लागणारी बरीचशी फुकट आहेत. एनर्जीप्लस आणि ओपनस्टुडिओ अमेरिकी ऊर्जा खात्याच्या पैशातून बनलेली, मोफत. ग्रासहॉपरमध्ये चालणारी लेडीबग साधनंही मोफत. फक्त त्यासाठी लागणारं राइनो विकतचं आहे. भारतीय शहरांच्या हवामानाच्या फायलीही मिळतात. डिझाइनबिल्डरसारखी विकतची सॉफ्टवेअरं ऑफिस घेईल तेव्हा घेईल.

सॉफ्टवेअर उत्तर नेहमी देतं, ही त्याची खोड आहे. ऑफिसात माणसं किती वाजता येतात, जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद होतात का, खिडक्यांच्या फटीतून हवा किती येते, हे तुम्ही काहीही भरा, ते दशांश चिन्हानंतर दोन आकडे देऊन निकाल छापतं. वार्षिक युनिटचा आकडा बघून ‘हे जुळत नाही, शेजारच्या इमारतीचं बिल याच्या दुप्पट आहे’ असं म्हणता आलं पाहिजे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी घरचं बारा महिन्यांचं वीजबिल वहीत मांडायला लावतो. फ्रिज किती, गीझर किती, पंखे किती हे जुळवताना जे कळतं ते ट्युटोरियलमध्ये नाही.

माझं ऑफिस छोटं आहे. मुलांना खर्च करून शिकवलं आणि ती सोडून गेली तर?

जातील. काही जातीलच. पण समजा २५,००० रुपये पगाराच्या मुलीला आठवड्यातला एक दिवस असं सहा महिने दिलं, तर पगाराच्या हिशेबाने तुमचे २५,०००च्या आसपास गेले. त्यावर कोर्सची फी. त्या काळात तिने एका बंगल्याचं किंवा एका छोट्या हॉस्पिटलचं ऊन-सावलीचं आणि भिंतीचं काम केलं, तर पुढच्या प्रत्येक कामाला लागणारा साचा ऑफिसात राहतो : सूर्यपथाचे तक्ते, तुमच्या गावच्या विटेचं आणि ब्लॉकचं यू-मूल्य, खिडक्यांचं गणित मांडलेली एक्सेल शीट. ते लिहून ठेवायला लावा. माणूस गेला तरी शीट जात नाही.

आणि याची फी वेगळी आकारा. आपले आर्किटेक्ट हे काम ‘सर्व्हिसमध्येच’ करून देतात आणि मग म्हणतात, यात पैसा नाही.

छतावर सोलर लावलं की झालं ना?

नाही. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, जरूर घ्या. पण तापणारं घर तापतंच. त्याला थंड करायला लागणारी वीज तेवढी छतावर बनते. आधी गरज कमी करा, मग तीन किलोवॅटऐवजी दोन किलोवॅटमध्ये भागेल का बघा.

सरकारने या प्रशिक्षणावर पैसा का घालावा?

कारण न घातल्याचा खर्च त्याच्याच वीज कंपनीवर येतो. केंद्राच्या २०१९च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनचा अंदाज आहे की देशाची थंडाव्याची मागणी २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८पर्यंत सुमारे आठपट होईल. उन्हाळ्यात सगळे एसी एकाच वेळी चालू होतात. तेवढ्या काही तासांसाठी वीज कंपनीला महागडी वीज घ्यावी लागते, उपकेंद्रं वाढवावी लागतात, आणि तो खर्च तुमच्या-माझ्या दरात येतो. त्याच आराखड्याच्या ठळक उद्दिष्टांत एसी दुरुस्त करणाऱ्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं होतं. चांगलंच आहे. एसी कमी लागेल अशी इमारत काढणाऱ्यांचा आकडा मात्र त्या यादीत नाही.

दुसरं, नियम कागदावर येऊन भागत नाही. २०२२च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. इको निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा आहे, आणि उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश हवं. हे नगरपरिषदेच्या टेबलावर तपासणार कोण? नकाशा सादर करणाऱ्यालाही येत नसेल आणि तपासणाऱ्यालाही येत नसेल तर फॉर्मवर टिक होते आणि फाइल पुढे जाते. नगररचना विभागातल्या अभियंत्यांना नवपदवीधरांच्याच वर्गात बसवावं, असं मला फार वाटतं.

तालुक्याच्या गावी, बंगले आणि शेतघरांच्या कामात याचा काय उपयोग?

तिथे मानांकन कुणी मागत नाही, पण पंखा फिरूनही झोप लागत नाही ही तक्रार सगळ्यांची असते. सोलापूर-मराठवाड्यातली माळवदाची आणि खानदेश-विदर्भातली धाब्याची घरं जाड मातीच्या छतामुळे दुपारचा ताप उशिरा आत सोडत. त्याजागी सहा इंची उघडा स्लॅब आला आणि रात्री नऊला घर भट्टी होऊ लागलं. सगळ्यांनी पुन्हा माती घालावी असं कुणी म्हणत नाही. देखभाल कोण करणार? पण स्लॅबवर चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक रंग, गच्चीवर सावलीचा मांडव, पश्चिमेला पडवी, हे सांगायला आणि त्याचे पैसे घ्यायला शिकलेला स्थानिक माणूस लागतो. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याची भिंत अजून परवडते. तिथे प्रश्न दमटपणाचा, म्हणजे वारा खेळवण्याचा. एकाच राज्यात तीन प्रकारची हवा असताना एकच टाइप-प्लॅन सगळीकडे फिरतो, यातच कामाची संधी आहे.

परदेशी जायचं असेल तर?

आखाती देशांत मागणी नियमातूनच येते. अबूधाबीत २०१० पासून नव्या इमारतींना एस्तिदामा या तिथल्या मानांकनाचा किमान एक पर्ल (दर्जा) लागतो, सरकारी इमारतींना दोन. सिंगापूरचं ग्रीन मार्क मानांकन २००५ पासून आहे. लीडची ओळख जवळपास सगळीकडे चालते. शिवाय परदेशी इमारतींचं मॉडेलिंग पुण्या-मुंबईत बसून करणाऱ्या कंपन्याही आहेत. पगार बरा असतो, पण ज्या इमारतीचं मॉडेल केलं ती कधी बघायला मिळत नाही.

मी सिव्हिलचा किंवा मेकॅनिकलचा आहे. यात माझी जागा आहे का?

मेकॅनिकलवाल्याची तर आहेच. एसीचा भार, पंप, मीटर हे त्याचं क्षेत्र. ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक ही राष्ट्रीय परीक्षाही बघा. सिव्हिलवाल्यासाठी सामान आणि पाणी : फ्लायॲशचं प्रमाण, एलसी-३ हा नवा सिमेंटप्रकार (२०२३ मध्ये त्याचं भारतीय मानक आलं), सांडपाण्याचा पुनर्वापर. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, बसवलेली पण बंद पडलेली अशा सोसायट्या इतक्या आहेत की नुसत्या त्या यंत्रणा चालू करून देणाऱ्याचं पोट भरेल.

पहिल्या मुलाखतीला काय घेऊन जावं?

कॉलेजच्या पोर्टफोलिओतले रेंडर (संगणकावर काढलेली इमारतीची चित्रं) कमी करा. त्याऐवजी एक खरी इमारत घ्या, तुमचं घर किंवा कॉलेजची एक खोली. एप्रिल-मेमध्ये आठ-दहा दिवस आतलं आणि बाहेरचं तापमान तासातासाला नोंदवा. डेटा लॉगर नसेल तर साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. भिंत, छत आणि खिडकीची मापं घ्या, यू-मूल्य काढा, मॉडेल करा, मॉडेलचा आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी-शेजारी ठेवा. ते जुळणार नाहीत. का जुळले नाहीत ते एका पानावर लिहा. मग तीन बदल सुचवा, प्रत्येकाचा खर्च स्थानिक ठेकेदाराला विचारून, आणि किती वर्षांत पैसे सुटतील ते समोर लिहून. सगळं मिळून चार पानं. मुलाखत घेणारा पहिलं पान उलटेल आणि बहुधा तिसऱ्या पानावरच्या खर्चाच्या तक्त्यावर थांबेल; तिथला प्रत्येक दर कुठून आणला हे सांगता आलं पाहिजे.